बावीस प्रती

'इमेज' या शब्दाला मराठीत काय म्हणावे, यावर आमचा पहिला अर्धा दिवस गेला. 'प्रतिमा' हा शब्द मराठीच्या अध्यापकांच्या तोंडी काव्याच्या संदर्भात इतका रुळलेला असतो, की संगणकाच्या डिस्कवरील सारा ऐवज (प्रणाली, टंक, कळफलक, आज्ञावल्या) जसाच्या तसा एकत्र बांधून ठेवण्याला 'प्रतिमा' म्हणताना जीभ अडखळे. अखेर 'प्रत' हा जुनाच शब्द मुक्रर झाला. हस्तलिखिताची असते, तशीच ही.

प्रसंग २०२५च्या दिवाळीच्या सुट्टीतला. त्या वर्षीच्या १४ ऑक्टोबरला विंडोज १०ला मिळणारा नेहमीचा आधार संपला आणि आमच्या भाषा-प्रयोगशाळेतील बावीस संगणक एका दिवसात वृद्ध ठरले. विंडोज ११ला जी सुरक्षा-चकती लागते, ती त्यांच्यात नव्हती. नव्या खरेदीचा प्रश्न नव्हताच. तंत्रसहायकाचे पद रिक्त होते. तेव्हा लिनक्स बसवावे, आणि ते आम्हीच बसवावे, असे ठरले. 'आम्ही' म्हणजे विभागातील दोघे, ज्यांना यातले काहीच येत नव्हते.

एकेका यंत्रावर सर्व काही नव्याने बसवायचे तर बावीस वेळा तीच उत्तरे द्यायची: भाषा कोणती, कळफलक कोणता, टंक कोणते. त्यातही हात चुकणार. कुठे इन्स्क्रिप्ट राहून जाणार, कुठे मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' दाखवणारा टंक. म्हणून रीत अशी, की एकच संगणक मन लावून सजवायचा, त्याची प्रत काढायची आणि ती इतरांवर उतरवायची. या कामासाठी तैवानमधील संगणन-केंद्रात घडलेले क्लोनझिला नावाचे मोफत साधन आहे. ते डिस्कवरील फक्त वापरलेला भाग उचलते, रिकामी जागा सोडून देते. मूळ यंत्र म्हणून आम्ही विभागातला संगणक निवडला. त्यावर आमचे माजी विभागप्रमुख बसत. त्यांना जाऊन आता दोन वर्षे होतील. आम्ही त्यांना नुसते 'सर' म्हणत असू, इथेही तसेच म्हणतो.

प्रत काढण्यापूर्वी मूळ यंत्रातून त्याचे 'स्वत्व' पुसावे लागते, हे आम्हांस नवे होते. प्रत्येक लिनक्स यंत्राला बत्तीस अक्षरांची एक ओळख असते. ती तशीच राहिली तर बावीस यंत्रे एकच ओळख सांगू लागतात आणि जाळ्यात घोटाळा होऊ शकतो. म्हणून ती रिकामी करायची, म्हणजे पहिल्यांदा जागे होताना प्रत्येक यंत्र आपापली ओळख नव्याने घेते. विंडोजमध्ये हेच काम सिसप्रेप करते आणि तिथे त्या क्रियेचे नावच 'जनरलाइज' आहे. हे वाचून आम्ही दोघेही एकदमच हसलो. भट्टनायकाचे साधारणीकरण वर्गात शिकवताना व्यक्ती, स्थल, काल यांची विशिष्टता गळून पडते हे समजावताना आमची दमछाक होते. इथे ते एका आज्ञेत होत होते.

मात्र काय गळू द्यायचे, हे आज्ञा ठरवत नाही. जुने विंडोज पुसण्याआधी सरांच्या धारिका चाळताना लिब्रेऑफिसच्या खात्यात एक लहानशी धारिका सापडली. लिहिताना एखाद्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ आली आणि आपण 'शब्दकोशात घाला' म्हटले, की तो शब्द जिथे जाऊन बसतो, ती. कित्येक वर्षांचे शब्द तिथे साठले होते. पऱ्हाटी, तुराटी, कुटार, धुरा. वऱ्हाडी बोलीवरचे सरांचे पुस्तक पुरे झाले नाही. त्याची टिपणे कुठे गेली, ते घरच्यांनाही ठाऊक नाही. उरली ती ही यादी. अर्थ नाही, वाक्य नाही, नुसते शब्द.

ती साधारणीकरणात जाऊ देणे आम्हांस शक्य नव्हते. लिनक्समध्ये 'स्केल' म्हणजे सांगाडा या नावाची एक जागा असते. नवे खाते उघडले की तिथले सारे त्या खात्यात आपोआप उतरते. सरांची यादी आम्ही तिथे ठेवली. बावीस यंत्रांवर बसणाऱ्या कोणाही मुलाला 'पऱ्हाटी' लिहिताना लाल रेघ दिसू नये, एवढीच इच्छा.

प्रत उतरवण्याची रात्र सुरेख होती. एक यंत्र पाठवणारे, बाकीची जाळ्यातून जागी होऊन वाट पाहणारी. शेवटचे यंत्र रांगेत आल्याशिवाय पाठवणी सुरू होत नाही. मग एकदाच वाचायचे आणि सर्वांनी एकदम उतरवून घ्यायचे. एक लेखक मागे पडला तर सारी पंगत थांबते. दारालगतचे यंत्र मागे पडत होते, आम्ही त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसलो. पहाटे सारे झाले.

नोव्हेंबरअखेर अंतर्गत मूल्यमापनाचे निबंध आले आणि अनेकांत 'पारंपारिक' हा शब्द होता. आम्ही लाल खुणा केल्या. एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, रेघ नाही आली खाली. मग बरोबर असेल ना?" यादी उघडली. पऱ्हाटी आणि पानवठा यांच्यामध्ये 'पारंपारिक' स्वस्थ बसला होता.

हस्तलिखितांचे कूळ शोधताना शुद्ध पाठ फारसे कामाचे नसतात. समान चूक कामाची असते. दोन पोथ्यांत एकच चमत्कारिक चूक आढळली, की त्यांची आई एक. हे आम्ही दरवर्षी शिकवतो. ही चूक सरांची असणे मात्र जवळपास अशक्य. 'पारंपरिक'वर त्यांनी आमच्याही प्रबंधांत वर्तुळे काढली होती. पण त्यांच्या संगणकावर आम्हीही बसत असू, कधी अहवालासाठी, कधी प्रश्नपत्रिकेसाठी. त्या यादीत ना तारीख असते, ना सही. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि विषय बदलला.

शके १५०६मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठ शुद्ध केला आणि त्यात कोणी आपली भर घालू नये असे बजावले. आमच्यातल्या एकाचे म्हणणे पडले, की यादी आता सरांचे लेखन आहे, तिला हात लावू नये. आपण भर घालणारेही नाही आणि शोधकही नाही. दुसऱ्याचे म्हणणे, त्यात भर पडली आहेच, आणि बहुधा आपणच घातली आहे. मुलगी परीक्षेत तो शब्द लिहील, तिथे पाठभेद सांगता येणार नाही. वाद दोन दिवस चालला. थोडे वाईटही बोललो.

शुद्ध केलेली प्रत पुन्हा चढवणे हा सोपा मार्ग होता, पण प्रत चढते तेव्हा आधीचे सारे पुसले जाते, आणि महिनाभरात मुलांनी त्या यंत्रांवर बरेच लिहिले होते. सांगाड्यातली यादी सुधारून भागत नव्हते. आधी उघडलेल्या खात्यांत ती केव्हाच उतरली होती. तेव्हा एका रविवारी सकाळी आम्ही बावीस यंत्रांवर एकेक करून बसलो, खाते उघडले, शब्द काढला. एका खात्यात यादीच्या शेवटी कोणा मुलाने घातलेले तीन नवे शब्द होते. ते आम्ही राहू दिले.

विभागातल्या मूळ यंत्रावर 'पारंपारिक' अजून आहे. तो कोणी काढायचा, हे ठरलेले नाही.