खंड्याचा बिल्ला

तोक्योत कुत्रा पाळायचा तर वॉर्ड ऑफिसात त्याची नोंद करावी लागते. गळपट्ट्याला लावायला एक बिल्ला मिळतो आणि दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्यावी लागते. १९५० साली हा कायदा झाला आणि १९५७ नंतर इथल्या जनावरांत रेबीज आढळलेलाच नाही. कुत्रा गेला की तीस दिवसांच्या आत कळवायचं, असंही त्याच कायद्यात आहे. परवा मी खंड्याचा बिल्ला परत करून आले. काउंटरवरच्या मुलीने तो दोन्ही हातांनी घेतला, मान लववली आणि मगच कागद पुढे केला.

खंड्या शिबा जातीचा, तांबूस रंगाचा. आम्ही साताऱ्याचे, म्हणून बाबांनी फोनवरूनच नाव सांगितलं. संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे आणि त्याने महाराजांना वाघापासून वाचवल्याची गोष्ट आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असते. शेजारच्या आजींनी त्याचं 'कान-चान' करून टाकलं.

निशी-कसाईत भारतीय पुष्कळ. दिवाळी, गणपती, डबे, सगळं आपल्यातच होतं, त्यामुळे वर्षानुवर्षं राहूनही जपानी शेजार लांबच राहतो. आमचा तो खंड्याने जवळ आणला. सकाळी आराकावाच्या बांधावर भेटणाऱ्या कितीजणांची आडनावं मला आजही माहीत नाहीत, त्यांच्या कुत्र्यांची नावं मात्र पाठ आहेत. त्यांच्या लेखी मी कान-चानची आई. या शहराने मला दिलेलं पहिलं नातं तेच.

शेवटी त्याच्या किडन्या गेल्या. डॉक्टरांनी सलाईन घरीच द्यायला शिकवलं. पिशवी पडद्याच्या दांडीला टांगायची, मानेमागची कातडी चिमटीत उचलायची आणि सुई तिच्याखाली सरकवायची. खांद्यावर पाण्याचा लिबलिबीत उंचवटा यायचा आणि संध्याकाळपर्यंत तो पायाकडे उतरायचा. सुई टोचताना तो माझ्याकडे बघायचा नाही, मुलाच्या मांडीवर हनुवटी टेकून पडायचा. एका पहाटे तो तसाच गेला.

दुपारपर्यंत दारात फुलं आली. बांधावरची मंडळी एकेक करून आली आणि आत न येता, दारातच वाकून गेली. "आता दुसरा आणा," असं एकानेही म्हटलं नाही, याचं मला फार बरं वाटलं. आपल्याकडे लोक मायेनेच तसं म्हणतात, पण त्या दिवशी मला ते सोसलं नसतं.

अंत्यविधी र्‍योगोकूच्या एको-इन देवळामार्फत करावा, असं आजींनी सुचवलं. १६५७ च्या मोठ्या आगीत गेलेल्या बेवारस माणसांसाठी हे देऊळ उभं राहिलं आणि तिथे जनावरांसाठीही प्रार्थना होते. दहनाआधी आम्ही गळपट्टा काढून ठेवला. नंतर लांब काड्यांनी आम्ही तिघांनी अस्थी वेचल्या, पायांपासून सुरुवात करून डोक्यापर्यंत. तिथल्या माणसाने मानेचं एक चिमुकलं हाड वेगळं काढून दाखवलं. ध्यानाला बसलेल्या बुद्धासारखं दिसतं म्हणून ते सर्वांत शेवटी, वर ठेवतात. बाबांच्या अस्थी वेचायला मला पोचता आलं नव्हतं. विमानं बंद होती तेव्हा. या वेळी माझे हात थांबत नव्हते आणि डोळेही.

आता कलश घरात आहे. इथे एकोणपन्नास दिवस तो घरी ठेवायची रीत आहे. आई म्हणते, डिसेंबरात येताना घेऊन ये, माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर सोडू, बाबांना आवडलं असतं. मुलगा ऐकत नाही. तो म्हणतो, खंड्या कधी साताऱ्याला गेलाच नाही, त्याची माणसं सगळी इथली आहेत, त्याला एको-इनमध्येच ठेवायचं.

मला मुलाचं पटतं. आईला ते येत्या रविवारी सांगणार आहे.