वजनकाट्याला माऊस समजणारा संगणक

येडशीत महामार्गालगत माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. आसपासच्या गावांतल्या दूध संकलन केंद्रांवरून एक तक्रार नेहमी येते: "दादा, पहाटे कॉम्प्युटर चालू केला की माऊसचा बाण आपोआप पळतोय, काहीबाही उघडतंय. व्हायरस शिरलाय. फॉरमॅट मारून द्या."

बहुतेक वेळा व्हायरस नसतोच. दुधाचं वजन करणारा काटा केबलनं संगणकाला जोडलेला असतो आणि कुणी मागो न मागो, वजनाचे आकडे सतत पाठवत असतो. सिरियल पोर्ट सुरू होताना विंडोज तिथं काही जोडलंय का ते तपासतं. आकड्यांचा तो ओघ पाहून कधी कधी त्याला वाटतं, हा जुन्या पद्धतीचा सिरियल माऊस आहे. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट सिरियल बॉलपॉइंट' नावाचा माऊस उगवतो आणि दुधाचं वजन बाणाची हालचाल म्हणून वाचलं जातं. उपाय सोपा आहे. त्या नोंदीवर उजवी क्लिक करून 'डिसेबल' करायचं. 'अनइन्स्टॉल' करू नये, ती नोंद पुन्हा उगवते.

या एका बिघाडामुळे, संगणक जोडलेली वस्तू कशी ओळखतो, या विषयात मी खोल शिरलो. नवीन वस्तू जोडली की कोपऱ्यात सूचना येते, ड्रायव्हर बसतो, आणि आपल्याला वाटतं संगणकानं ती ओळखली. खरं तर वस्तूनं स्वतःचा क्रमांक सांगितलेला असतो आणि संगणकानं तो यादीत शोधलेला असतो. काटा आपला क्रमांक सांगत नाही, म्हणून संगणक अंदाज बांधतो. ओळख न पटण्यापेक्षा चुकीची ओळख पटणं जास्त त्रासाचं, हे पहाटे दुधाची रांग समोर असलेल्या माणसाला विचारा.

मी काम शिकलो तेव्हा आयएसए स्लॉटची जुनी यंत्रं दुरुस्तीला येत. त्या कार्डांवर जंपर असत, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या इवल्याशा टोप्या. साउंड कार्डाचा पत्ता २२०, आयआरक्यू ५, डीएमए १, हे सगळं तुम्हीच ठरवायचं आणि सॉफ्टवेअरलाही तेच आकडे सांगायचे. आयआरक्यू, म्हणजे कार्डानं प्रोसेसरला हाक मारायच्या वाटा, एकूण सोळा, त्यातल्या बऱ्याचशा आधीच गुंतलेल्या. दोन कार्डं एकाच क्रमांकावर आली की एक तरी मुकं व्हायचं, कधी अख्खा संगणक गोठायचा.

१९९३ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्टनं याच आयएसए कार्डांसाठी जी नवी पद्धत मांडली, ती मला आजही विलक्षण वाटते. प्रत्येक कार्डात एक वेगळा ६४ बिटांचा क्रमांक, जोडीला पडताळणीचे ८ बिट. सगळी कार्डं एकाच बसवर, सगळी एकदम बोलली तर काहीच कळणार नाही. म्हणून संगणक एकेक बिट विचारतो. ज्याचा बिट १ ते कार्ड खूण देतं. ज्याचा ० ते गप्प राहून ऐकतं आणि दुसऱ्याची खूण ऐकू आली की त्या फेरीतून बाहेर पडतं. शेवटी एकच कार्ड उरतं, त्याला नंबर मिळतो, आणि उरलेल्यांची फेरी पुन्हा सुरू होते. कोणतं कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये आहे हे माहीत नसतानाही प्रत्येकाची पाळी येते. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ आलं आणि 'प्लग अँड प्ले' हे शब्द दुकानादुकानांत पोचले.

पीसीआयमध्ये हे आणखी सुटसुटीत झालं. प्रत्येक कार्डात २५६ बाइटांचं कोष्टक असतं. पहिले दोन बाइट कंपनीचा क्रमांक, पुढचे दोन त्या वस्तूचा. रिकाम्या स्लॉटला विचारलं तर सगळे बिट १ येतात, त्यावरून तिथं कुणी नाही हे कळतं. इंटेलनं आपला क्रमांक घेतला ८०८६, १९७८ सालच्या स्वतःच्याच प्रोसेसरचा.

यूएसबी १९९६ साली आली. ती घडवणाऱ्या इंटेलच्या चमूत बडोद्याचे अजय भट्ट होते. पेन ड्राइव्ह खोचला की त्यातला दीड किलोओहमचा रोध डेटाच्या दोन तारांपैकी एकीचा दाब वर ओढतो. कुणीतरी आलंय हे तेवढ्यावरून कळतं. आलेली वस्तू आधी शून्य पत्त्यावर उत्तर देते, १८ बाइटांची आपली माहिती पुढं करते, मग तिला १ ते १२७ मधला स्वतःचा पत्ता मिळतो.

त्या माहितीतल्या कंपनीच्या आणि वस्तूच्या क्रमांकावरून विंडोज आयएनएफ फायली धुंडाळतं. या फायली साध्या मजकुराच्या असतात, नोटपॅडमध्ये उघडून वाचाव्यात. नेमका क्रमांक जुळला तर उत्तम. नाही जुळला तर वस्तूच्या जातीवर भागतं. म्हणून कोणत्याही कंपनीचा कीबोर्ड लावा, तो चालतो. प्रिंटरच्या बाबतीत तेवढं भाग्य दर वेळी नसतं. मग पिवळं उद्गारचिन्ह दिसतं आणि लोक खोक्यावरचं नाव इंटरनेटवर टाकून मिळेल तो ड्रायव्हर उतरवतात. वायफायच्या डोंगलमध्ये तर खोकं तेच, मॉडेल तेच, पण आतली चिप बदललेली, असं सर्रास आढळतं. मी खोकं वाचतच नाही. डिव्हाइस मॅनेजर, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी, आणि तिथला क्रमांक कागदावर. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअरं मी कुणाच्याही यंत्रात टाकत नाही. नको ती भर त्यांच्यासोबतच येते.

आता पुन्हा काट्याकडे. त्याच्या मागचा सिरियल पोर्ट आरएस-२३२ जातीचा, मूळ मानक १९६० सालचं. काट्याला त्यातल्या तीनच तारा पुरतात: पाठवायची, घ्यायची आणि ग्राउंडची. 'तू कोण?' हा प्रश्न विचारायची सोयच त्या मानकात नाही. आजच्या संगणकाला असा पोर्ट सहसा नसतो, म्हणून मधे यूएसबी केबल येते. क्रमांक मिळतो तो या केबलचा. १ए८६ आणि ७५२३ दिसलं की समजायचं, आत सीएच३४० चिप आहे. आमच्या येडशीवरून जाणारी बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी रुळांची होती. कुर्डुवाडीला तिच्यातली पोती मोठ्या गाडीत चढवणाऱ्या हमालाला पोतं कुठून कुठं न्यायचं एवढंच ठाऊक असे, आतल्या मालाशी त्याचा संबंध नसे. केबलचं काम तेवढंच. 'ड्रायव्हर बसला' अशी सूचना आली तरी काट्याची ओळख अजून व्हायचीच असते.

केबलचा क्रमांक तरी खरा असतो का? नकली चिपा दुसऱ्या कंपनीचा क्रमांक सांगून खपतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय या चिप बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्यानं नकली चिपांचा वस्तू-क्रमांक पुसून शून्य केला. जगभर केबली बंद पडल्या, ओरड झाली, ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. नक्कल करणारा चोरच, कंपनीचा संताप रास्त होता. पण शिक्षा मिळाली ती खरी समजून केबल विकत घेणाऱ्याला, आणि हे मला कधीच पटलेलं नाही.

तेव्हा संकलन केंद्र चालवणाऱ्यांना आणि काटे बसवणाऱ्या कारागिरांना माझी विनंती आहे. काट्यावर न पुसणाऱ्या शाईनं चार गोष्टी लिहून ठेवा: बॉड रेट, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट. बऱ्याच काट्यांवर ते ९६००, ८, नन, १ असं असतं, पण तुमच्या काट्याचं तपासून लिहा. केबल नेहमी त्याच यूएसबी पोर्टमध्ये लावा, नाहीतर कॉम पोर्टचा नंबर बदलू शकतो आणि दुधाचं सॉफ्टवेअर जुन्याच नंबरवर वाट पाहत बसतं. आणि बाण पळायला लागला, तर फॉरमॅट मारण्याआधी डिव्हाइस मॅनेजर उघडून माऊस किती दिसतायत ते मोजा.