दोन दिवस वाऱ्याचे

राजोडीच्या वाळूत बसले म्हणजे उत्तरेला अर्नाळ्याचे बेट दिसते, आणि शहरातल्या माणसालाही शीड उभारावेसे वाटते. आमचा बेत तेथेच शिजला. मात्र लांबचा! मालवणहून शिडाची होडी घ्यायची आणि आठवडाभर वेंगुर्ल्याच्या खडकांकडे फिरायचे. किनाऱ्यापासून दूर समुद्रात हे बोडके खडक उभे आहेत. एकावर दीपगृह आहे. गुहांतून पाकोळ्या आपल्या लाळेने घरटी बांधतात.

ठिकाणे चटकन ठरली. सिंधुदुर्ग, निवती, खडक, वेंगुर्ल्याची डच वखार (डच तेथे 1637 साली आले), शेवटी रेडीचा गणपती. खरे कोडे वाऱ्याचे. अर्नाळ्याच्या एका वृद्ध तांडेलांना विचारले. ते म्हणाले, "सात दिवस असतील तर पाचच लिवा, दोन वाऱ्याला सोडा."

पहाटेचा मतलई वारा जमिनीवरून सुटतो, तो होडी खडकांकडे नेईल; दुपारचा खारा वारा परत आणील. तेथे रात्री नांगर टाकणे म्हणजे होडीचे फळकूट करून घेणे, तेव्हा मुक्काम निवतीलाच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा अष्टमीचे भांगाचे पाणी बरे. पाकोळ्यांची वीण वसंतात. त्यांना त्रास नको म्हणून पौष वद्य अष्टमी धरली आहे.

रजा मात्र सातच दिवसांची. म्हणून रेडीचा गणपती यादीतून गेला, आणि त्यावरून आमच्या घरात अजून तंटा चालू आहे.