आलापल्लीची निजलेली झाडं

मुलांनो, 100 झाडं एका पोत्यात बांधून एस.टी.तून आणता येतील का? तुम्ही म्हणाल, गुरुजी आपली मस्करी करताहेत! पण मी खरंच आणली आहेत. कशी, ते ऐका.

मागच्या वर्षी आमच्या शाळेला सागाच्या 100 जड्या मिळाल्या होत्या. जडी म्हणजे मातीही नाही नि पानंही नाहीत असं सागाचं रोप. दिसायला नुसती काटकी! आमचे खड्डे खणून व्हायचे होते, म्हणून मी ती मोळी ओसरीच्या कडेला ठेवून दिली. नेमकं चार दिवस कडक ऊन पडलं. नंतर आम्ही जड्या लावल्या, पण फुटल्या फक्त 7. "गुरुजी, माझं झाड केव्हा उगवणार?" मुलं रोज विचारायची. मी काय सांगणार?

म्हणून या जूनमध्ये मी स्वतःच गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीला गेलो. चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिपरी करत निघालं, की आष्टीला वैनगंगा ओलांडायची. पुढे रान दाट होत जातं. आलापल्लीजवळ 'वनवैभव' नावाचं जुनं राखीव जंगल आहे. 2014 साली त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून मान मिळाला. तिथले साग बघताना टोपी पडते! सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं, तर हात लालभडक होतो.

मग एका रोपवाटिकेत गेलो. तिथं एक आजी कोयत्यानं जड्या तयार करत होत्या. वर्षभराचं रोप उपटायचं, वरचं खोड बोटाच्या पेराएवढं ठेवून छाटायचं, बाजूची बारीक मुळं कापायची आणि वीतभर सोटमूळ ठेवायचं. झाली जडी!

मी मागच्या वर्षीची गोष्ट सांगितली. आजी हसल्या. "गुरुजी, हे मेलेलं नाही, निजलेलं आहे जी. निजलेल्या लेकराला उन्हात ठेवता का?"

किती खरं! अंगठ्याएवढ्या जाड मुळात झाडानं अन्न आणि ओल साठवलेली असते. त्याच शिदोरीवर नवा कोंब फुटतो. ऊन-वारा लागला, की ओल उडते आणि जडी आतून सुकते. पाण्यात बुडवून ठेवली, तर कुजते. म्हणून जड्या ओलसर गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवायच्या. दोन-चार दिवस थांबायचं असेल, तर सावलीत चर खणून ओलसर मातीत झाकायच्या. फारच दिवस ठेवायच्या असतील, तर खड्ड्यात कोरड्या वाळूचा एक थर, जड्यांचा एक थर, असं रचत जायचं.

आजींनी एक युक्तीही शिकवली. नखानं साल जरा खरवडायची. आत पांढरट ओल दिसली, तर जडी जिवंत. तपकिरी, कोरडी दिसली, तर गेली.

शाळेत आल्यावर मी आधी मुलांना खरं ते सांगितलं, "मागच्या वर्षी झाडांचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती." मग आम्ही कडुनिंबाखाली चर खणला. गोणपाटावर पाणी शिंपडायच्या पाळ्या लावल्या. चांगला पाऊस झाल्यावर पहारीनं भोकं पाडून जड्या लावल्या आणि भोवतीची माती पायानं घट्ट दाबली, आत पोकळी राहू नये म्हणून.

महिन्याभरानं मोजलं, तर 81 फुटल्या होत्या! मागच्या वर्षी रोज विचारणारी चौथीतली मुलगी आता पाचवीत आहे. ती धावत आली नि म्हणाली, "गुरुजी, माझी जडी जागी झाली!"

तुमच्याकडे अशी बिनमातीची रोपं आली, तर खड्डे आधी खणा, रोपं मागून आणा. आणि तोवर त्यांना सावलीत नीट निजू द्या. द्याल ना?