भांड्यावरचं नाव आणि रिव्हॉल्व्हरवरचा शिक्का



इतिहासाची भौतिक, लिखित आणि मौखिक साधने मुलं घडाघडा म्हणून दाखवतात. पण दोन साधनं एकमेकांशी भांडायला लागली तर काय करायचं? हे शिकवण्यासाठी मी जुन्या रिव्हॉल्व्हरवरचे शिक्के घेते. शस्त्र अर्थातच वर्गात येत नाही, फक्त फोटो.

आधी एक साधा प्रश्न. आपल्या घरातल्या पितळी डब्यावर आत्याचं नाव कोरलेलं असतं. डबा आत्याने घडवला का? नाही, तिने तो लग्नात दिला. शिक्क्यांचंही तसंच असतं. बनवलं कोणी, तपासलं कोणी, मालकी कोणाची, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांचे शिक्केही वेगळे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसन कारखान्याने ब्रिटनला 'व्हिक्टरी' रिव्हॉल्व्हर पुरवली. त्यांच्या क्रमांकाआधी 'व्ही' अक्षर दिसतं. काहींवर तीन रेघा एका टोकाला मिळणारा बाण असतो. ती ब्रिटिश सरकारच्या मालकीची खूण. असे दोन बाण टोकाला टोक लावून असतील, तर सरकारने ती वस्तू सेवेतून काढून विकली असं समजायचं. पुढे बाजारात विकताना बर्मिंगहॅमला नळीची चाचणी झाली, की तिथला शिक्का बसे आणि सोबत कधी 'नॉट इंग्लिश मेक', म्हणजे 'इंग्लंडमध्ये बनलेलं नाही', असंही लिहिलं जाई. बर्मिंगहॅमचा शिक्का पाहून 'हे तिथेच बनलं' म्हणणारा इथे हमखास फसतो.

आता खरी गोष्ट सांगते. नववीतल्या एका मुलाने काकांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरचा फोटो आणला. घरात सांगत, पणजोबांनी ते पहिल्या महायुद्धात, मेसोपोटेमियात वापरलं. फोटोत उजव्या बाजूला मुकुट, त्याखाली 'जी. आर.', 'एनफिल्ड', 'नं. २' आणि १९४२ हे साल. हे मॉडेल ब्रिटिश सैन्याने स्वीकारलं १९३२ मध्ये. पहिलं महायुद्ध तर १९१८ लाच संपलेलं!

मुलगा एवढासा चेहरा करून म्हणाला, "बाई, म्हणजे पणजोबा खोटं बोलले?"

वर्ग एकदम शांत झाला. मी म्हटलं, "शिक्का फक्त स्वतःपुरतं बोलतो रे. ही वस्तू १९४२ ची, एवढंच तो सांगतो. पणजोबा युद्धावर गेले की नाही, हे त्याला कुठून माहीत असणार? ते दुसरीकडे शोध."

त्याने शोधलं. आजीच्या ट्रंकेत पेन्शनचे कागद निघाले. त्यात पणजोबांचं नाव होतं, पलटण होती, मेसोपोटेमियाही होतं. म्हणजे युद्ध खरं, रिव्हॉल्व्हर मात्र त्या युद्धातलं नाही. ते घरात कोणी आणलं, हे तो अजून नातेवाइकांना विचारतोय. आणि खरं सांगू? पूर्वी जे पणजोबा त्याच्यासाठी फक्त एक किस्सा होते, ते आता त्याला कागदावर भेटलेत.

पालकहो, असं काही घरात असेल तर मुलांना हात लावू देऊ नका आणि परवान्याचे कागद नीट आहेत ना, तेही पाहा. सरावासाठी आपली पितळी भांडी पुरेशी आहेत. मुलांना प्रत्येक भांड्यावरचं नाव, गाव, साल उतरवून घ्यायला सांगा. मग विचारा: यावरून काय नक्की कळतं, आणि काय आपण मनानेच जोडतोय?