आष्टीची खंजिरी

वर्ध्याहून आर्वी, तळेगाव अशी वाट धरली की संत्र्यांच्या बागा ओलांडत आपण आष्टीला पोहोचतो. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, येथील पोलीस ठाण्यावर तिरंगा फडकवण्यास निघालेल्या लोकांवर गोळीबार झाला. त्या बलिदानामुळे गावाला ‘शहीद आष्टी’ म्हणतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी हा मुलूख आधीच जागा केला होता. त्याच वर्षी त्यांना अटक होऊन नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले.

माझ्या ब्याऐंशी वर्षांच्या आईचे माहेर याच भागातले. ऐकू कमी येऊ लागल्यापासून तिने कार्यक्रमांना जाणे सोडले होते. “लोकं काय बोलते थे समजत नाही, कायले नेतं वं मले?” असे ती म्हणे. तरीही यंदा नागपंचमीला आम्ही तिला नेले.

दुपारी मांडवात ध्वनिक्षेपकाचा आवाज इतका मोठा होता की तिने कानातले यंत्र काढून पदरात बांधले. वाढत्या वयात उंच पट्टीचे, बारीक आवाज आधी हरवतात. मोठे आवाज मात्र अधिकच टोचतात. आवाज वाढवल्याने शब्द उमगत नाहीत. चूक माझीच होती.

सायंकाळी मामेभावाच्या ओसरीवर भजनी मंडळ बसले. पेटी, टाळ आणि दोन खंजिऱ्या, कर्णा नाही. पावसाळी दमट हवेने कातडे सैल पडले होते, म्हणून एकाने खंजिरी निखाऱ्यांवर शेकून घेतली. आईला गायकांच्या समोर, चार हातांवर, पाठीला टेकू देऊन बसवले. ओठ दिसत होते, शब्द ओळखीचे होते. दुसऱ्या भजनाला तिने टाळी धरली. कुणीतरी खंजिरी तिच्या हाती दिली.

“आयकू येते का?” मी विचारले.

“हातातून येते बाप्पा!”

वृद्धांना अशा मैफलीस नेताना काही गोष्टी सांभाळाव्यात. कर्ण्यापासून दूर, पण गाणाऱ्यांच्या जवळ जागा घ्यावी. तोंडावर उजेड असेल असे पाहावे. पाणी, औषधाची वेळ आणि स्वच्छतागृहाची वाट आधीच ठरवावी. तास-दीड तासाने, थकण्यापूर्वीच उठावे. गाता येत नसेल तर हाती टाळ द्यावा. पण आग्रह करू नये.

आईची श्रवणशक्ती काही परतली नाही. परतीच्या गाडीत ती गप्पच होती. तळेगाव आल्यावर मात्र तिने विचारले, पुण्यतिथीला मोझरीला जायचे का? तेथे मांडव मोठा आणि गर्दी अफाट. मी मामेभावाला फोन केला. पुन्हा एकदा ओसरीवर भजन ठेवता येईल का, हे विचारण्यासाठी.