तोजींची केटी

1840 साली जपानमध्ये एका माणसानं झकास डीबगिंग केलं होतं. यामामुरा ताझाएमोन त्याचं नाव. साकेचे दोन कारखाने, एक निशिनोमियात, दुसरा उओझाकीत. आणि निशिनोमियाची साके नेहमी सरस! असं सांगतात, की त्यानं दोन्हीकडचा तांदूळ एक केला, कारागीर अदलाबदल करून पाहिले. फरक काही जाईना. शेवटी निशिनोमियाच्या विहिरीचं पाणी उओझाकीला नेलं आणि बग सापडला! तेच ते प्रसिद्ध 'मियामिझु' पाणी. कोबेच्या नादा पट्ट्याला साकेची पंढरी मानतात, त्यात या पाण्याचा वाटा मोठा.

मी ओसाकाला गेले होते केटीसाठी. कॉलेजात लागायची ती नव्हे हं! नॉलेज ट्रान्स्फर. एक सीनियर रिटायर होणार, त्यांच्या डोक्यातलं सगळं मी तीन आठवड्यांत उतरवून घ्यायचं. ते गृहस्थ एररचा लॉग वरून खाली बघायचे आणि नेमक्या ओळीवर बोट ठेवायचे. "कसं कळलं?" विचारलं की नुसते हसायचे. आता या हसण्यासाठी एक्सेलमध्ये कॉलम कुठून आणू?

त्या वैतागात एका रविवारी नादा गाठलं. 1743 साली सुरू झालेल्या हाकुत्सुरू कंपनीचं तिथे म्युझियम आहे. लाकडाची अवाढव्य पिंपं, कामात गढलेले माणसाएवढे पुतळे, आणि शेवटी चाखायला साके (हे महत्त्वाचं!).

द्राक्षात साखर आयती असते, तांदळात नसते. म्हणून वाफवलेल्या तांदळावर 'कोजी' नावाची बुरशी पेरतात. ती स्टार्चची साखर करते आणि त्याच पिंपात यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करत असतं. दोन्ही कामं एकदमच! कोजी तयार व्हायला साधारण दोन दिवस. उबदार खोलीत, रात्री-अपरात्री उठून तांदूळ हातानं मोकळा करायचा. आई विरजण लावताना दुधात बोट बुडवते ना, तसलाच हा हिशेब.

हा हिशेब ज्याच्या हातात, तो 'तोजी', म्हणजे मुख्य कारागीर. नादातले बरेच तोजी तांबा भागातले शेतकरी. हिवाळ्यात शेती थांबली की टोळी घेऊन यायचे, वसंतात परत. मला तर तेव्हा कुणी आतही घेतलं नसतं, बायकांना कारखान्यात मज्जाव होता. घड्याळं नव्हती, म्हणून गाणी म्हणायची. इतकी कडवी झाली की ढवळणं थांबवायचं. म्हणजे टायमर गळ्यात आणि थर्मामीटर तळहातात! नवा पोरगा शेजारी उभा राहून, गाता गाता शिकायचा.

1995 च्या भूकंपात नादातले कित्येक जुने लाकडी कारखाने कोसळले. भिंती पुन्हा उभ्या करता येतात. तोजी म्हातारे होतात आणि मागे कुणी येत नाही, तेव्हा काय करायचं?

यामागुचीत 'दास्साई' साके बनवणाऱ्या कंपनीवर 1999 साली हीच वेळ आली. तोजी निघून गेले. मालकानं दुसरा तोजी न शोधता आपल्याच कर्मचाऱ्यांना कामाला लावलं. तापमान, वजन, वेळ, सगळ्याचे आकडे मांडले. आज तिथे बाराही महिने साके बनते आणि जगभर जाते. वाचून मला हायसं वाटलं, एक्सेल जिंकलं म्हणून! पण कोजी तिथेही माणसंच हातानं करतात. आकडा सांगतो किती, तांदूळ आत्ता कसा लागतोय ते बोटांनाच कळतं.

डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोनं कोजी वापरून साके बनवण्याच्या या पारंपरिक कौशल्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. अमूर्त वारसा, म्हणजे जो माणसांतच राहतो आणि माणसांबरोबर जाऊही शकतो.

तेव्हा तुमच्या ऑफिसातून कुणी जुनं माणूस निघालं असेल, तर शीट जरूर भरून घ्या. पण त्याआधी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी दोन-चार रात्री काढा. गाणं येत नसलं तरी चालेल!